लेझर मशीन मागवण्याआधी त्याची जागा तयार करा

"दादा, लेझर मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ?" असा फोन आला की मी आधी विचारतो, "ठेवणार कुठे?" समोरच्याला वाटतं मी विषय टाळतोय. पण आपल्या किनाऱ्यावर हे मशीन वर्षभर चालणार की पहिल्या पावसातच कोपऱ्यात पडणार, हे खोली ठरवते. इंटरनेटवरच्या व्हिडिओंत सगळं कोरड्या, वातानुकूलित खोलीत चाललेलं दिसतं. तिथे खारी हवा नसते, जुलैतली ओल नसते, वळवाच्या पहिल्या गडगडाटाबरोबर लाईट जात नाही. मी कुडाळ तालुक्यात राहतो. होमस्टेवाल्यांच्या चाव्यांना लावायचे बिल्ले, घरांच्या पाट्या, करवंटीच्या वस्तू आणि गणपतीआधी मखराचे भाग अशी कामं मी करतो. ज्यांनी असं मशीन अजून जवळून पाहिलेलंही नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मशीन म्हणजे काय ते आधी थोडक्यात. ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावर दोन दिशांनी पट्ट्यांवर सरकणारं एक डोकं, आणि त्या डोक्यात निळ्या प्रकाशाचा डायोड लेझर. त्याची तरंगलांबी साधारण 450 नॅनोमीटर असते. किरण लेन्समधून एका बारीक ठिपक्यावर गोळा होतो आणि तिथलं लाकूड जाळतो. कमी जाळलं तर नक्षी, जास्त जाळलं तर काप.

जागा

पडवी नको. मोकळी, हवेशीर म्हणून पहिला विचार पडवीचाच येतो, पण तिथे खारा वारा थेट लागतो आणि घरातली मुलं, शेजारी, मांजर सगळ्यांची ये-जा तिथूनच. माळाही नको. एप्रिल-मेमध्ये कौलांखाली इतकं तापतं की डायोडचा पंखा त्याला थंड ठेवू शकत नाही. दार बंद होईल, एक खिडकी असेल, खाली फरशी किंवा कोबा असेल अशी लहान खोली बघा. टेबल जड हवं. प्लास्टिकचं टेबल किंवा वर रेक्झिन चिकटवलेलं टेबल चालणार नाही. टेबलावर जीआय पत्रा पसरा, कारण किरण माल कापून खाली उतरतोच.

आता धूर. लाकडाचा धूर आपल्याला चुलीमुळे सवयीचा, म्हणून लोक तो हलक्यात घेतात. पण प्लाय आणि एमडीएफमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटात) गोंद असतो आणि तो जळताना जो वायू निघतो त्याने डोळे चुरचुरतात, दुसऱ्या दिवशी घसा बसतो. चार इंची पाइपात बसणारा एक्झॉस्ट पंखा घ्या आणि धूर थेट बाहेर सोडा. कुठल्या बाजूला सोडायचा, हे आपल्याकडे नीट ठरवावं लागतं. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, एरवी दिवसा खारे वारे समुद्राकडून. पश्चिमेला तोंड काढलंत तर धूर आणि पाऊस दोन्ही पाइपातून परत खोलीत येतील. माझं तोंड पूर्वेला आहे. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा उलटा येतो, त्या दिवसांत मी कापायची कामं दुपारनंतर काढतो. पाइपाच्या टोकाला खाली वळलेला एल्बो आणि बारीक जाळी लावा, नाहीतर पाणी आणि पाली दोन्ही आत येतील. आणि ते टोक शेजाऱ्यांच्या वाळवणाकडे नाही ना, ते एकदा बघा. आमसुलं वाळत घातलेली असताना त्यांच्यावर काजळी बसली तर ती कशानेही निघत नाही.

वीज आणि अर्थिंग

डायोड मशीन 12 किंवा 24 व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालतं. ॲडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं आहे का ते वाचा. पिन परदेशी असेल तर दहा रुपयांचा कन्व्हर्टर खुपसून काम भागवू नका. आपल्या तीन पिनांची, अर्थ जोडलेली चांगली वायर घ्या.

अर्थिंग हा कोकणात वेगळा विषय आहे. आपल्या घरांखाली जांभा असतो. पावसात तो ओला असतो तोवर अर्थिंग बरं चालतं, पण मार्चनंतर खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नावापुरता उरतो. वायरमनला बोलावून मीटरने तपासून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट दाखवतो, साधारण तेवढेच फेज आणि अर्थमध्ये दाखवायला हवेत. कमी दाखवले तर खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी घालायला लावा, आणि उन्हाळाभर आठवड्यातून एकदा तिथे बादलीभर पाणी ओतत जा. काचेच्या नळीचं सीओटू मशीन, म्हणजे डायोडऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं लेझर मशीन, घेणार असाल तर हे काम आधी पुरं करा, मगच पुढे जा. त्या नळीला हजारो व्होल्ट लागतात. अर्थ नसलेल्या चौकटीला हात लागला तर माणूस जाऊ शकतो.

लाईट गेली की मशीन आपलं डोकं कुठे होतं ते विसरतं. लाईट परत आल्यावर काम अर्ध्यातून उचलायला गेलात तर नक्षी दोन-तीन मिलिमीटर सरकून उमटते. माझ्या सागवानी पाट्या अशा दोन वेळा वाया गेल्या, तेव्हापासून कॉम्प्युटर आणि मशीन दोन्ही एका छोट्या यूपीएसवर आहेत. चालू काम संपवायला तेवढं पुरतं. आणि मेमधला वळीव असो की ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, गडगडायला लागलं की प्लग काढा. यूएसबीची वायरसुद्धा काढा.

डोळे

हे चालता चालता वाचू नका. 5 वॉटचा डायोडसुद्धा सुरक्षेच्या वर्गवारीत चौथ्या वर्गात येतो, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गात. पापणी मिटायच्या आत डोळ्याच्या पडद्याला इजा होते आणि ती भरून येत नाही. थेट किरणच नव्हे, स्टीलच्या डब्यावरून किंवा चकचकीत टाइलवरून परतलेला किरणही तेवढंच नुकसान करू शकतो.

खोक्यात एक हिरवा किंवा नारिंगी चष्मा येतो. त्यावर काहीच छापलेलं नसेल तर तो खेळण्यातला समजा. चांगल्या चष्म्याच्या काचेवर किंवा दांडीवर तरंगलांबीचा पट्टा आणि ओडीचा, म्हणजे काच किरण किती अडवते त्याचा, आकडा छापलेला असतो. त्या पट्ट्यात 450 यायला हवा आणि ओडी 5 किंवा 6 हवा. असे दोन घ्या. एक तुमचा, एक जो कोणी आत येईल त्याचा. दाराला आतून कडी लावा आणि बाहेर "मशीन चालू आहे" असा पुठ्ठा टांगा. निळा प्रकाश खिडकीच्या काचेतून सहज बाहेर जातो, म्हणून खिडकीला जाड पडदा हवा. मशीनवर झाकायची पेटी मिळाली तर फार बरं, पण तिची काच चष्म्याच्या दर्जाची असल्याशिवाय चष्मा काढू नका.

आणि आग. मशीन चालू असताना खोली सोडायची नाही, या नियमाला अपवाद नाही. एकदा मी 3 मिमी प्लाय कापत होतो, फोन वाजला म्हणून दारापर्यंत गेलो. वळून पाहिलं तर निरांजनाएवढी ज्योत त्या कापाच्या कडेवर उभी होती आणि डोकं तिच्यावरून पुन्हा पुन्हा जात होतं. पाण्याच्या फवाऱ्याने ती विझली, कारण बाटली हाताशी होती. आधी मशीन बंद करायचं, मगच पाणी. दाराजवळ दोन किलोचा सीओटू अग्निशामक ठेवा. पावडरवाला आग विझवतो, पण ती पावडर मशीनच्या प्रत्येक सांध्यात शिरते.

आता मशीन

जाहिरातीत 40 वॉट, 80 वॉट असे आकडे असतात. बहुतेक वेळा ती मशीन खेचते ती वीज असते, लेझरची ताकद नव्हे. मी पहिलं मशीन "40 वॉट" वाचून घेतलं. 3 मिमी प्लाय कापायला चार-चार फेऱ्या लागायला लागल्या तेव्हा माहितीपत्रक पुन्हा उघडलं. तळाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ऑप्टिकल पॉवर 5 वॉट. विक्रेत्याने तीन मेलना उत्तर दिलं नाही. म्हणून मागवण्याआधी लेखी विचारा, "ऑप्टिकल आउटपुट किती?" उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे जा.

नव्या माणसाने 10 वॉट ऑप्टिकल, साधारण 400 बाय 400 मिमी कामाची जागा असलेलं घ्यावं असं माझं मत आहे. फक्त नक्षी करायची असेल तर 5 वॉट पुरे. 20 वॉटच्या मोहात लगेच पडू नका. ठिपका जाड होतो, बारीक अक्षरं फुगतात आणि आगीची शक्यता वाढते. पारदर्शक ॲक्रिलिक किंवा काचेवर काम करायचंय? मग डायोड उपयोगाचा नाही, निळा प्रकाश त्यांतून आरपार जातो. त्यासाठी 10.6 मायक्रोमीटरचं सीओटू मशीन लागतं. त्याला पाण्याची टाकी आणि पंप लागतो, आणि वरच्या परिच्छेदांतली अर्थिंगची ताकीद दुप्पट लागू होते.

मशीनसोबत एअर असिस्ट, म्हणजे ठिपक्यावर हवा मारणारा छोटा पंप, असेल तर जरूर घ्या. ज्योत विझते, धूर लेन्सवर बसत नाही आणि कापाची कडा कमी काळी होते. आणीबाणीचं लाल बटण, तिरकं झाल्यावर आपोआप बंद होणं, हेही बघा.

मागवणं

भारतात साठा असलेला विक्रेता थोडा महाग पडला तरी पहिल्या वेळी तोच बरा. डायोड गेला तर बदलून मिळण्याची आशा असते. थेट परदेशातून मागवलंत तर केवायसी लागते: आधार, पॅन. वस्तूची किंमत, भाडं आणि विमा मिळून होणाऱ्या रकमेवर सीमाशुल्क लागतं, मग त्या सगळ्यावर 18 टक्के आयजीएसटी, वर कुरियरची हाताळणी. मी मशीनच्या किमतीचा तिसरा हिस्सा वेगळा ठेवतो, त्यात सहसा भागतं. बिलात किंमत कमी दाखवायला किंवा "गिफ्ट" लिहायला विक्रेत्याला सांगू नका. खोकं अडकलं तर सोडवायला मुंबईच्या फेऱ्या तुमच्याच.

खोकं ऑक्टोबर ते मे यांच्यामध्ये पोचेल अशा बेताने मागवा. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. माझ्या ओळखीतल्या एकाचं खोकं जुलैत तालुक्याच्या कुरियर ऑफिसात चार दिवस ओल्या जमिनीवर पडून राहिलं. चौकट ठीक होती, पण सरक्या रुळांना तांबेरा धरला होता. घरपोच येणार नसेल तर मेसेज येताच स्वतः जाऊन आणा. उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, खोक्यावरच्या पत्त्यापासून आतल्या शेवटच्या स्क्रूपर्यंत. भरपाई मागताना हाच पुरावा कामी येतो.

जोडणी

सगळे भाग चादरीवर मांडा. चौकट जोडताना स्क्रू आधी सैल ठेवा, सपाट फरशीवर चौकट ठेवून दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले की मग आवळा. हे सुतारकामातलंच आहे: खिडकीची चौकट गुण्यात आहे का ते जसं बघतात तसं. पट्टे दोन्ही बाजूंना सारखे ताणा. बोटाने छेडल्यावर हलका टणक आवाज यावा. चाकं बोटाने फिरवली तर फिरावीत, पण चौकट हलवल्यावर लडबडू नयेत. चाकाजवळचा विक्षिप्त नट, म्हणजे मध्याबाहेर भोक असलेला नट, थोडा थोडा फिरवून हे जमतं. इथे अर्धा तास जास्त गेला तरी जाऊ द्या.

कॉम्प्युटरला जोडल्यावर मशीन दिसलं नाही तर घाबरू नका, बहुतेक वेळा सीएच340 नावाच्या चिपचा ड्रायव्हर टाकायचा राहिलेला असतो. यातली बरीचशी मशीनं जीआरबीएल या मुक्त प्रणालीवर चालतात. लेझरजीआरबीएल हे सॉफ्टवेअर विंडोजवर फुकट आहे. सुरुवातीला तेच वापरा. लाइटबर्न पैसे देऊन घ्यावं लागतं, पण महिनाभर वापरून बघता येतं आणि रोजचं काम सुरू झालं की ते घेणं परवडतं. जोडल्यावर सॉफ्टवेअरमधल्या आज्ञांच्या चौकटीत $$ टाइप करा, मशीनची सगळी मांडणी यादीने येईल. ती एका फाइलीत जपून ठेवा. त्यात $32 समोर 1 असायला हवा, म्हणजे लेझरची पद्धत चालू आहे.

मग फोकस. बहुतेक मशीनसोबत ठरावीक उंचीचा ठोकळा किंवा खाली पडणारी दांडी येते. डोकं मालावर त्या उंचीला टेकवून घट्ट करायचं, झालं.

पहिलं काम पुठ्ठ्यावर करा: 100 मिमी बाजूचा चौरस. पट्टीने बाजू मोजा, मग कर्ण. कर्ण 141.4 मिमी भरला आणि दोन्ही कर्ण सारखे असले तर चौकट गुण्यात आहे. बाजू 100 ऐवजी 99.5 भरली तर त्या यादीतला $100 (आडव्या दिशेचा) किंवा $101 (उभ्या दिशेचा) आकडा बदला, म्हणजे एका मिलिमीटरला मोटर किती पावलं टाकते तो. आधी 80 असेल तर 80 गुणिले 100 भागिले 99.5, म्हणजे 80.4. पुन्हा चौरस काढा.

माल आणि वही

प्रत्येक नव्या मालावर आधी चाचणीची जाळी, म्हणजे लहान लहान चौकोनांचा तक्ता, काढा. आडवा वेग वाढत जातो, उभी ताकद. चांगला चौकोन दिसेल तो आकडा वहीत. माझ्या वहीत प्रत्येक लाकडाला दोन पानं आहेत, एक फाल्गुनातलं आणि एक श्रावणातलं. तोच प्लाय श्रावणात ओल धरतो आणि तेवढ्याच ताकदीत कापला जात नाही. आमच्या सुतारकाकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लाकूड सुकूक नाय तर करवत पण अडकता, तुझो किरण काय करतलो?" माल मी तांदळाच्या मोठ्या पिंपात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो.

दमट हवा म्हणून आपण घरात मरीन प्लाय वापरतो. लेझरला तो चालत नाही. त्यातला फिनॉलिक गोंद कापला जाण्याऐवजी कोळसा होतो. साधा, आतल्या कामाचा 3 मिमी प्लाय घ्या आणि कापून झाल्यावर पॉलिश करा. एमडीएफ छान कापलं जातं, पण मखर गणपतीआधी महिनाभर करून ठेवलं तर कडा फुगतात. 2018 पासून थर्माकोलच्या मखरांवर बंदी आल्यावर प्लाय-पुठ्ठ्याच्या मखरांना मागणी आहे. ती कामं घ्याल तर कापलेल्या कडांना त्याच दिवशी सीलर मारा.

पीव्हीसी कधीही नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसांना जाळतो आणि मशीनच्या लोखंडाला चार दिवसांत गंजवतो. पीव्हीसी म्हणून ते ओळखू येत नाही, हीच अडचण. रेक्झिन, फ्लेक्सचा कपडा, सनबोर्ड, दारांसाठी येणारे बरेचसे डब्ल्यूपीसी बोर्ड हे सगळं त्यातलंच. शंका असेल तर तांब्याची तार गॅसवर लाल करा, मालाला टेकवा, पुन्हा ज्वाळेत धरा. ज्वाळा हिरवी झाली तर तो माल परत पाठवा. ही परीक्षाही खिडकीत उभं राहून करा.

करवंटी मात्र माझी लाडकी. आधी शेंड्या खरवडून 120 च्या आणि मग 240 च्या पॉलिश पेपरने घासा, तपकिरी रंग सारखा दिसेपर्यंत. ती गोल असल्यामुळे फोकस एकाच ठिकाणी बसतो, म्हणून नक्षी अडीच-तीन सेंटीमीटरपेक्षा रुंद नको. वाटीत कोरडी वाळू भरून तिच्यावर करवंटी दाबून बसवा, हवी ती बाजू अगदी वर येईल अशी फिरवा. ताकद कमी ठेवा. झाल्यावर बोटाने खोबरेल तेल चोळलं की जळलेली रेघ काळी उठते आणि बाकीची करवंटी चमकते.

मराठी अक्षरं

इथे बहुतेक नवे लोक अडखळतात. लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं तर जोडाक्षरं तुटू शकतात. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात युनिकोडमध्ये टाइप करा. मुक्ता किंवा बलू हे फॉन्ट मोफत आहेत आणि जाड असल्याने छान उठतात. मग अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या आकारात, रूपांतर करा. आणि पुढची पायरी विसरू नका: सगळी अक्षरं निवडून युनियन करा, म्हणजे त्यांचा एकच आकार होतो. शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. मशीन त्या चढलेल्या तुकड्याला भोक समजतं आणि तेवढं लाकूड न जाळता सोडतं. "श्री रवळनाथ" लिहिलेल्या माझ्या पहिल्या पाटीच्या शिरोरेषेवर असे पांढरे ठिपके माळेसारखे आले होते. युनियन केल्यावर एकही नाही.

अक्षरं आरपार कापून पाटी करायची असेल तर आपली लिपी मदतीला येते. शिरोरेषा सगळा शब्द एकत्र धरून ठेवते, इंग्रजीसारखी सुटी अक्षरं चिकटवत बसावं लागत नाही. फक्त अनुस्वार सुटतो. "सावंत" कापलं तर टिंब खाली पत्र्यावर पडतं आणि एअर असिस्टच्या हवेने कुठेतरी उडतं. कापण्याआधी टिंबाला शिरोरेषेशी दीड-दोन मिलिमीटरच्या देठाने जोडून घ्या. चंद्रबिंदूचंही तसंच.

पावसाळा आणि देखभाल

लेन्स दर काही तासांनी बघा. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, हलक्या हाताने, मशीन बंद आणि थंड असताना. काप अचानक कमी पडायला लागला तर ताकद वाढवण्याआधी लेन्स पुसा. दहापैकी नऊ वेळा दोष तिथेच असतो. लोखंडी रुळांना महिन्यातून एकदा, पावसाळ्यात आठवड्याला, शिलाई मशीनचं तेल फडक्याने पुसा. पट्ट्यांना तेल लावू नका.

महिना-दोन महिने काम नसेल तर डोकं काढून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा, चौकटीवर सुती कापड टाका, प्लास्टिक नको, त्याखाली ओल कोंडते. खंडेनवमीला मशीनची पूजा करणार असाल तर हळदकुंकू चौकटीला लावा, डोक्याला नाही. आणि पूजेच्या आदल्या दिवशी पुन्हा तो 100 मिमीचा चौरस काढून कर्ण मोजा. चार महिन्यांच्या ओलीनंतर पट्टे सैल झालेले असतात.